"दर बारीला तालुक्याले आनू का जी?"

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराच्या, तपासणीला आली होती. मुलगा एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला; वाहक नव्हे, रुग्ण. वजन 16 किलो. गाव रुग्णालयापासून 22 किलोमीटर, संध्याकाळनंतर एसटी नाही. "रात्री पाय दुखते म्हनते, पहाटेपर्यंत कुंथते. दर बारीला तालुक्याले आनू का जी? अन् नाही आनलं तं काही होईन का?"

उत्तर देण्याआधी दुखणं कधी येतं ते विचारलं. दर वेळी पहाटे तीन-चारला, आणि दिवाळीनंतर जास्त. पाणी किती पितो? "सांजच्यानं पानीच देत नाही. गोधडी ओली करते ना."

सगळी गोम इथेच होती. सिकलसेलच्या मुलाची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, पाणी कमी असलं तरी लघवी पातळ आणि भरपूरच होते. म्हणून ही मुलं अंथरूण ओलं करतात. तो आळस नव्हे, खोडही नव्हे. "लघवी पिवळी झाली की पाणी पाजा" हा नेहमीचा सल्ला इथे कुचकामी, कारण अंगातलं पाणी आटलं तरी लघवी पांढरीच दिसते. संध्याकाळी पाणी बंद केलं की रात्रीत रक्त घट्ट होतं, त्यात ओली गोधडी आणि थंडीची पहाट. विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात.

त्याला दिवसाला किमान 1300 मिली पातळ पदार्थ हवेत, म्हणजे घरातल्या 200 मिलीच्या गिलासाने साडेसहा गिलास. उन्हाळ्यात त्याहून जास्त. झोपताना एक गिलास द्यायचाच, आणि अकराच्या सुमारास उठवून लघवीला न्यायचं. गोधडीखाली प्लास्टिक, उशाशी कोरडी चड्डी. रागवायचं नाही, रागवलं की पोरगं चोरून पाणी टाळतं.

तरीही दुखलंच तर सगळ्यात आधी थर्मामीटर, औषध नंतर. पॅरासिटामॉल तापही उतरवतं; आधी औषध पाजलं तर ताप होता की नव्हता हे कळतच नाही. ताप नसेल, मूल पीत असेल, बोलत असेल आणि दुखणं नेहमीच्याच जागी असेल, तर घरी थांबता येतं. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला 240. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नये. दुकानात 5 मिलीत 120 मिलिग्रॅमची बाटली मिळते आणि 250 चीही. पहिलीतून 10 मिली, दुसरीतून 5 मिलीला थोडं कमी. त्या आईच्या पिशवीतून दोन्ही बाटल्या निघाल्या आणि माप एकच: "एक चमचा". दोन डोसांत निदान सहा तास जाऊ द्यावेत, दिवसात चारच्या वर नको. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच, खाल्ल्यावर; उलट्या-जुलाब असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा, आधी स्वतःच्या हातावर लावून बघावा. बर्फ कधीच नको, त्याने नसा आणखी आवळतात. दोन तासांत उतार पडला नाही तर निघायचं.

आणि ताप 101 फॅरनहाइट झाला की दुखो न दुखो, त्याच रात्री निघायचं. ही गोष्ट लोकांना पटत नाही. दुखण्यासाठी उसने पैसे काढून गाडी करतात, आणि तापाला "व्हायरल असन" म्हणून दोन दिवस थांबतात. या मुलांची पानथरी म्हणजे प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे काही जंतू काही तासांत रक्तात पसरतात. काखेतला आकडा थोडा कमीच येतो, म्हणून 101 ला उशीर धरायचा नाही. 108 ला फोन लावताना पहिलं वाक्य "सिकलसेल एसएस आहे" असं असावं.

पानथरी हाताने पाहायला आईला तिथेच शिकवलं. मूल उताणं, गुडघे वाकवलेले. उजव्या हाताची बोटं सपाट ठेवून बेंबीजवळून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. मूल श्वास घेतं तेव्हा बोटांना एक कडा लागते. बरगडीखाली ती किती बोटं आहे ते वहीत लिहायचं. तिच्या मुलाची दोन बोटं होती. आपल्याकडच्या मुलांत ती बरीच वर्षं मोठी राहते, तेव्हा दोन असणं भीतीचं नाही. एका दिवसात चार झाली, आणि मूल पांढरंफटक, गळून गेलेलं दिसलं तर मात्र रक्त पानथरीत साचतंय, तासाभराचाही उशीर नको. छातीत दुखून धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, झटका येणं यालाही तोच नियम. मुलाच्या लिंगाला ताठरपणा येऊन दोन तास उतरला नाही तर संकोच सोडून न्यायचं. हे आया सांगतच नाहीत, म्हणून आपणच विचारावं लागतं.

मुलगा फिकट दिसतो म्हणून गावातल्या डॉक्टरने "रक्तवाढीची" बाटली दिली होती. ती लोहाची. इथे रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. त्यांतलं लोह अंगातच राहतं. फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती ते, तपासल्याशिवाय लोह नको, फॉलिक ॲसिड मात्र रोज.

वर्षात तीनदा मोठं दुखणं येऊन गेलं होतं, म्हणून हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे असं दुखणं कमी वेळा यावं म्हणून रोज घ्यायचं औषध, त्याबद्दल डॉक्टरांकडे पाठवलं. त्यावर असताना ठरल्या तारखेला रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या कॅप्सूलला उघड्या हाताने शिवू नये.

जूनमध्ये मुलगा आश्रमशाळेत जाणार आहे. मुख्याध्यापकांना द्यायची चिठ्ठी आईसमोरच लिहिली: वर्गात पाण्याची बाटली जवळ असू द्या, लघवीला विचारल्याबरोबर सोडा, थंड पाण्याने अंघोळ नको, शाळेतली लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ताप आला तर घरी निरोप पाठवून वाट पाहू नका, आधी दवाखान्यात न्या. खाली रक्तगट आणि नेहमीचं हिमोग्लोबिन, 7.8.