चर्चच्या मालकीच्या, शहराच्या मध्यभागातील छोट्या भूखंडावर परवडणारी घरे बांधता येतील का?

अमेरिकेतील आपल्या ख्रिस्ती मंडळीकडे, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहाकडे, शहराच्या मध्यभागी साडेसहा हजार चौरस फुटांचे पार्किंग आहे, त्यावर परवडणारी भाड्याची घरे उभी राहू शकतील का आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

घरे उभी राहू शकतील. मात्र सुरुवात आर्किटेक्टकडे किंवा बँकेत जाऊन करू नका. ज्या जागेवर आज रविवारी गाड्या उभ्या राहतात ती जागा सोडायला मंडळी तयार आहे, असा लेखी ठराव आधी करून घ्या. आमच्याकडे हा ठराव सर्वांत शेवटी आला आणि तीन वर्षांचे काम एका संध्याकाळी वाया गेले, म्हणून मी हे इतक्या ठामपणे लिहीत आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि त्या काळात आमच्या चर्चच्या मालमत्ता समितीवर होतो. आमचा भूखंड ५० फूट रुंद आणि १२० फूट लांब होता आणि त्यावर १३ गाड्यांचे पट्टे आखलेले होते. गाडीच्या एका जागेला ९ बाय १८ फूट लागतात आणि तिच्यासमोर गाडी वळवण्यासाठी २४ फुटांचा मार्ग सोडावा लागतो. दोन्ही बाजूंना गाड्या लावायच्या तर ६० फूट रुंदी हवी. आमच्याकडे ५० होती, म्हणजे एकच रांग बसत होती. इमारत झाली की लिफ्ट, दोन जिने, विजेची खोली आणि कचऱ्याची खोली हे सर्व तळमजल्यावरच येते. ते वजा जाता नऊ गाड्या उरत होत्या. नऊ गाड्यांसाठी अख्खा तळमजला द्यायचा, आणि वर लाकडी बांधकाम असल्यामुळे त्या गाड्यांच्या डोक्यावर आगप्रतिबंधक काँक्रीटचा जाड स्लॅब घालायचा. इमारतीतला सर्वांत महागडा मजला अशा रीतीने गाड्यांना मिळणार होता.

त्या भागात चार मजल्यांची मर्यादा होती. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडून आम्ही ४० फूट रुंदीची इमारत धरली, कारण हद्दीपासून तीन फुटांच्या आत भिंत नेली की तिला खिडकी ठेवता येत नाही आणि खिडकीवाचून झोपण्याची खोली होत नाही. मध्ये पाच फुटांचा मार्ग आणि दोन्ही अंगांना १७ फूट खोल घरे, असा तो नकाशा होता. प्रत्येक मजल्यावर सात घरे बसत होती. गाड्या ठेवल्या तर एकूण २१ घरे होत होती. गाड्या काढल्या तर २५ घरे आणि शिवाय एक सभागृह मिळत होते.

चार घरांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. तो जमिनीवर दिसावा म्हणून एका शनिवारी मी टेप आणि खडू घेऊन गेलो आणि पार्किंगच्या डांबरावर तळमजल्याचे एक घर पूर्ण मापाने आखले: १७ बाय २४ फूट, पलंगाची जागा, ओटा, न्हाणीघरात चाकांची खुर्ची फिरवण्यासाठी लागणारे पाच फुटांचे वर्तुळ. त्या घरात दोन पट्टे आणि तिसऱ्याचा बराचसा भाग गेला. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर लोक त्या रेघांमध्ये येऊन उभे राहिले. आमच्या मंडळीतील सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांचे भाडे त्या वर्षी दुसऱ्यांदा वाढले होते, खडूच्या ओट्यापाशी गेल्या, मान वर करून चर्चच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “भांडी घासताना इथून रंगीत काचा दिसतील.” मला त्यांना तिथेच सांगावे लागले की घर तुम्हालाच मिळेल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे अशा घरांसाठी सरकार देते त्या करसवलतीच्या, पैशातून बांधलेली घरे सर्वसाधारण जनतेसाठी खुली ठेवावी लागतात, ती सभासदांसाठी राखून ठेवता येत नाहीत. हे आपल्या मंडळीलाही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. त्या बाईंनी हे ऐकून घेतले आणि तरीही त्या प्रस्तावाच्या बाजूने बोलल्या.

विरोध खजिनदारांचा होता. आठवडाभर ते पट्टे शेजारच्या कार्यालयांतील लोकांना भाड्याने दिलेले असत आणि त्या भाड्यावर हिवाळ्यात चर्च गरम ठेवण्याचा खर्च निघत असे. ही अडचण खरी होती. जमीन आम्ही घरे बांधणाऱ्या डेव्हलपरला भाडेपट्ट्याने देणार होतो, आणि त्या भाडेपट्ट्यात या खर्चासाठी वार्षिक रक्कम धरता येत होती. तसा मसुदाही मी दिला होता. मात्र प्रत्यक्ष वाद झाला तो रविवारच्या गाड्यांवरून. मी सलग दहा रविवार गाड्या मोजल्या होत्या आणि आकडा एकदाही आठच्या वर गेला नव्हता. दोन चौकांवरचे सार्वजनिक वाहनतळ रविवारी ओस पडलेले असे, आणि ज्या तीन सभासदांना चालणे अवघड होते त्यांच्यासाठी दारासमोर रस्त्यावरच राखीव जागा मागता येत होत्या. तरीही “नऊ पट्टे राहिलेच पाहिजेत” हा ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. ज्या ना-नफा डेव्हलपरशी आमची बोलणी चालू होती त्यांनी महिन्याभरात अत्यंत सभ्य भाषेतले पत्र पाठवून माघार घेतली.

त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. १९८६ पासून अमेरिकेत अशी बहुतेक घरे लो-इन्कम हाऊसिंग टॅक्स क्रेडिटच्या (कमी उत्पन्न असलेल्यांच्या घरांसाठीच्या करसवलतीच्या) आधारावर उभी राहतात. त्यातील नऊ टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या, क्रेडिटसाठी स्पर्धा असते. चार टक्क्यांचे, म्हणजे लहान, क्रेडिट करमुक्त रोख्यांबरोबर (ज्यांच्या व्याजावर कर नसतो अशा कर्जरोख्यांबरोबर) मिळते. वकील, हिशेबतपासणी आणि नियम पाळले जात असल्याची पुढील अनेक वर्षांची कागदपत्रे यांचा खर्च २५ घरांना लागतो तसाच थोड्याफार फरकाने १०० घरांनाही लागतो. छोट्या भूखंडावर एकेक घर गमावणे परवडत नाही ते यामुळे. आपल्या शहरात दुसऱ्या एखाद्या मंडळीकडेही अशीच जागा असेल, तर दोन्ही जागांचा एकच प्रकल्प करता येतो का, हे डेव्हलपरला जरूर विचारा.

खजिनदारांचा दुसरा आग्रह होता की जागा सरळ विकावी आणि पैसे बेघरांसाठी काम करणाऱ्यांना द्यावेत. तो मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. जुन्या चर्चकडे आलेला एकरकमी पैसा छपरात आणि बॉयलरमध्ये जिरतो. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात जमीन मंडळीची राहते आणि घरांचे भाडे किती असावे यावर तिचा कायमचा शब्द राहतो. मात्र जमिनीची मालकी डेव्हलपरच्या कर्जाला तारण देऊ नका. गहाण पडायचा तो त्यांचा भाडेपट्टा, आपली जमीन नव्हे. आपल्या संप्रदायाची परवानगीही लवकर मागा. प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए. या प्रॉटेस्टंट संप्रदायाच्या नियमांनुसार पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला प्रेस्बिटरीची (त्या विभागातील चर्चच्या नियामक सभेची) लेखी संमती लागते, आणि न्यूयॉर्क राज्यात तर धार्मिक संस्थेला जमीन विकण्यासाठी न्यायालयाची किंवा ॲटर्नी जनरलची (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची) मंजुरी घ्यावी लागते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विकूनही उत्तम काम होऊ शकते. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन चर्चने आपली जागा एका ना-नफा संस्थेला विकली, तेथे २०१९ मध्ये गिलियम प्लेस ही १७३ घरांची इमारत उघडली आणि मंडळी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर परतली. परंतु त्यांनी आपले उपासनास्थानच पाडायला दिले होते. आमच्याकडे नऊ पट्टे सोडले गेले नाहीत. तसेच मी वकील नाही आणि राज्याराज्यांचे कायदे फार वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात असाल तर २०२३ चा सिनेट विधेयक ४ हा कायदा पाहा: धार्मिक संस्थेच्या जमिनीवर परवडणारी घरे बांधायची असतील तर निकषांत बसणाऱ्या प्रस्तावाला स्थानिक संस्थेला स्वतःच्या मर्जीने नकार देता येत नाही, आणि भाड्याची घरे ५५ वर्षे परवडणारी ठेवावी लागतात.

माझ्याकडून झालेली चूकही सांगतो. गाड्यांची मोजणी मी दुसऱ्या वर्षी केली आणि खडूचे घर तिसऱ्या वर्षी आखले. तोवर मतभेद माणसांमध्ये घट्ट बसले होते. आपण दोन्ही पहिल्याच महिन्यात करा, आणि शक्य असेल तर खडू खजिनदारांच्याच हाती द्या.

आपल्या भूखंडावर किती घरे बसतील, हे केवळ क्षेत्रफळावरून सांगता येत नाही. दर्शनी रुंदी, शेजारच्या इमारती हद्दीला चिकटून आहेत की नाहीत, आणि तेथे किती मजल्यांची परवानगी आहे, एवढे कळवलेत तर मी अंदाज काढून देईन.