अपघातानंतर रात्री दचकून जाग येते. लाइट थेरपीचा दिवा घेऊ का?

अपघाताला सात महिने झाले तरी झोप नाही आणि कुणीतरी सकाळी प्रखर उजेड देणारा हा दिवा सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेलेय, म्हणून सांगते.

आमच्या गाडीला घाटात ट्रकने मागून धडक दिली होती. हाडं जुळली, पण रात्री अडीचला ब्रेकचा कर्कश आवाज कानात यायचा आणि मी उठून बसायचे. मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात रेंगाळणाऱ्या त्रासाचं, निदान केलं, थेरपी सुरू केली आणि सांगितलं, रोज उठल्यावर अर्धा तास भरपूर उजेडात बसा.

मला ते फार किरकोळ वाटलं होतं. पण डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवायलाच असतात, आणि निळसर उजेड त्यांना सर्वांत चटकन कळतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठात विल्यम किलगोर यांच्या गटाने पीटीएसडीच्या 82 जणांवर केलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज सकाळी अर्धा तास काहींना निळा उजेड दिला, काहींना पिवळसर. निळ्या उजेडातल्यांची झोप आणि लक्षणं जास्त सुधारली. भीती शमवायला शिकलेलंही त्यांच्यात जास्त टिकलं. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. थेरपीत जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘आता धोका नाही’ ही नवी आठवण बसवावी लागते, आणि ती पक्की व्हायला झोप हवी. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे थेरपी सोडून नुसत्या दिव्यावर विसंबू नका.

मी दिवा घेतलाच नाही. चहाचा कप घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे, पावसात जिन्याच्या छपराखाली. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. लख्ख सकाळी बाहेर सावलीतही दहा हजारांच्या आसपास मिळतात, आणि थेरपीचे दिवे साधारण तेवढेच देतात. सूर्याकडे मात्र बघायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा साडेपाचपर्यंत सलग झोपले. हॉर्नची भीती उजेडाने गेली नाही. ती थेरपिस्टसोबत आधी बंद गाडीत बसून, मग गल्लीत चक्कर मारून हळूहळू ओसरली.

तुमच्याकडे सकाळी बाहेर बसणं जमणारच नसेल तर दिवा घ्या, पण डॉक्टरांना विचारून. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य येणारा आजार) असेल तर अशा उजेडाने उन्माद उसळू शकतो. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने पडद्याचा त्रास असेल, किंवा उजेड सोसत नाही अशी औषधं चालू असतील, तरी आधी विचारायलाच हवं. संध्याकाळी तर तो लावूच नका, झोप आणखी पुढे जाईल. आणि जगणं नकोसं वाटलं तर थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे किती वाजता जाग येते ते वहीत लिहा. माझ्या वहीत ओळीने अडीच, अडीच, पावणेतीन असं बघूनच त्यांनी उजेडाची वेळ ठरवली होती.