ज्यू धर्मात प्रेषित म्हणजे देवाचा अवतार, की भविष्य सांगणारा? देवदूत त्याहून वेगळे का?

अवतार तर नाहीच. आमचा देव माणूस होत नाही. प्रेषित, आमच्या भाषेत नबी, म्हणजे देवाचा निरोप्या. भविष्याचं म्हणाल तर योना नबीकडे बघा. त्याला मोठ्या माशाने गिळलं, तिथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, पुढची कोणी नाही. ४० दिवसांत निनवे उलथून पडेल, असं तो शहरभर ओरडत फिरला. लोकांनी उपास धरले, वाईट चाल सोडली आणि शहर वाचलं. भविष्य खोटं पडलं, निरोप मात्र बरोब्बर लागला. योनाला नेमका याचाच राग आला! दर किप्पूरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाला, दुपारी हे पुस्तक आम्ही अख्खं वाचतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आमच्या घरातही एक स्वयंघोषित निरोप्या होते, माझे मोठे काका. एकदा मलिद्याला, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीला, पोहे, ओलं खोबरं, फळं ताटात मांडलेली, एलियाहू हन्नाबीचं (म्हणजे एलियाहू नबीचं) गाणं नुकतंच संपलेलं, आणि काकांनी जाहीर केलं की हन्नाबी स्वप्नात आले होते. म्हणाले, वाडी विका आणि इस्राएलला चला. गिऱ्हाईकसुद्धा त्यांनीच सुचवलं होतं म्हणे. माझे वडील धाकटे, भावापुढे तोंड उघडायचे नाहीत. मी म्हटलं, काका, थोडं थांबू या. तर सगळ्यांदेखत मला ऐकवलं, "नबीच्या शब्दावर वाद घालायचा नसतो." वाडी गेली.

वाद घालायचा नसतो? अहो, नबी खुद्द देवाशी वाद घालतात. जळत्या झुडपापुढे मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव. लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा देव म्हणाला, यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. मोशे उलट म्हणाला, त्यांना क्षमा नसेल तर माझंही नाव तुझ्या पुस्तकातून पुसून टाक. किती सज्जन सापडले तर सदोम शहर वाचेल, यावर अव्राहामने ५० वरून १० पर्यंत घासाघीस केली. नाथानने दावीद राजाला तोंडावर पापी ठरवलं. यिर्मयाला निरोपापायी चिखलाच्या हौदात टाकलं. यात एकाच्याही पदरात जमीन पडलेली नाही. ज्या निरोपात निरोप्याचाच फायदा, तो तपासून घ्यावा. तोरा, आमचा मूळ धर्मग्रंथ, तर सांगते की चमत्कार खरा ठरला तरी दुसऱ्या देवांकडे नेणाऱ्याचं ऐकू नका. आणि हग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यानंतर नबुवत, म्हणजे नबी येणं, थांबली, असं तालमूद हा रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथ म्हणतो.

मी काही हजान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा, नाही, जाणकार दुरुस्त करतीलच. एलियाहू रब्बींना भेटल्याच्या कथा तालमुदातही आहेत, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे मीही नारळ घेऊन जातो. १९४८ नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले, त्यातही वावगं काही नाही. पण जायचं तर स्वतःच्या हौसेने जा आणि तसं सांगा. सही मागायला देवाचं नाव कशाला?

देवदूतांचं राहिलं. नबी माणूस असतो, देवदूत नाही. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या शास्त्रकथांत, आहे, एक देवदूत दोन कामं करत नाही. म्हणून अव्राहामच्या बायकोला, सारेला, मुलगा होणार ही बातमी द्यायला एक, सदोम उलथायला दुसरा, त्याच्या पुतण्याला, लोटला, वाचवायला तिसरा. काकांच्या स्वप्नात मात्र वाडी, गिऱ्हाईक आणि विमानाचं तिकीट एकट्या हन्नाबींनी उरकलं. हे वडिलांना म्हटलं की ते अजून विषय बदलतात.