मकावची पाटुआ म्हणजे कँटोनीज लोकांची मोडकीतोडकी पोर्तुगीज का?

नाही, पाटुआ ही स्वतःचं व्याकरण असलेली क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिसळणीतून तयार झालेली भाषा आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण घडण वेगळी. 'काझा' म्हणजे घर, 'काझा-काझा' म्हणजे घरं. ही द्विरुक्ती मलायची आठवण करून देते. क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही: चालू क्रियेला आधी 'ता', झालेल्या क्रियेला 'जा' लावायचं, बस्स. पोर्तुगीजची रूपं घोकलेला माणूस इथेच अडखळतो. गोवा, मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) असा पोर्तुगीजांचा प्रवास झाल्यामुळे तिच्यात मलाय आणि कोकणी शब्दही आहेत. कँटोनीजचा, म्हणजे तिथल्या चिनी भाषेचा, प्रभाव पुढे वाढला. मात्र पाटुआवरून कोण मॅकनीज (मकावमधले पोर्तुगीज-आशियाई मिश्र वंशाचे लोक) हे ठरवू नका: युनेस्कोने ती अतिसंकटग्रस्त ठरवली आहे, आणि आज अनेक मॅकनीज घरांत कँटोनीजच चालते.