क्लायंट म्हणतो 'टेबल करू', म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतला. परवा कॉलवर मी नव्या मोड्यूलचा विषय काढला तर त्यांची मॅनेजर म्हणाली 'लेट्स टेबल धिस', मला वाटलं घेतला विषय, म्हणून मी स्क्रीन शेअर करून बोलायलाच लागले. सगळे गप्प. नंतर लीड म्हणाला अगं, ती आत्ता नको म्हणत होती. असं कसं? आणि 'बॉलपार्क फिगर', 'रेन चेक' हे पण सांगा ना.
– एक वाचक, पुणे

उत्तर: अगं, तुझं इंग्रजी अजिबात कच्चं नाहीये. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बरोब्बर उलटं, विषय बाजूला ठेवणं. आपलं वळण पडलं ब्रिटिश, विधानसभेत अहवाल पटलावर ठेवला असं आपण पेपरात वाचतो ना, ते पटल म्हणजे हेच टेबल, त्यामुळे तू जे समजलीस ते आपल्याकडे कुणीही समजलं असतं. दुसऱ्या महायुद्धात तर यावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती, चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला हवा म्हणून तो टेबल करायचा होता, आणि अमेरिकनांनाही तो महत्त्वाचाच वाटत होता म्हणून ते टेबल करू नका म्हणून अडून बसले, बराच वेळ वाद घातल्यावर कळलं की दोघांना एकच हवंय! तेव्हा कॉलवर सरळ विचारायचं, आत्ता बोलू की पुढच्या कॉलला? त्यात कमीपणा काही नाही, उलट समोरच्यालाही बरं वाटतं.

'मूट पॉइंट'चंही असंच, लंडनवाला म्हणाला तर मुद्दा वादाचा आहे, अमेरिकन म्हणाला तर आता त्या मुद्द्याला अर्थच उरला नाही.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, पण बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ आकडा. एस्टिमेट मागताना हा शब्द आला तर एक्सेल घेऊन रात्रभर बसू नकोस, साधारण तीन ते चार आठवडे एवढं सांगितलं तरी चालतं, फक्त आकडा अंदाजे आहे हे मेलमध्ये लिही, नाहीतर तोच पुढे डेडलाइन म्हणून गळ्यात पडतो.

रेन चेकही बेसबॉलचंच. पावसाने मॅच रद्द झाली की तिकिटाच्या तुकड्यावर पुढची मॅच बघता यायची. आता कुणी जेवायला बोलावल्यावर 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणालं तर आज नको, नंतर कधीतरी. खरंच यायचं असेल तर तो स्वतःच दुसरा दिवस सुचवतो.