प्रोबेशनमध्ये राजीनामा: नोटीस किती, पगार कधी?

प्रश्न: हिंजवडीत नोकरी करतो. नेमणूकपत्रात प्रोबेशन (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) सहा महिने, त्या काळात नोटीस १५ दिवस आणि कायम झाल्यावर ६० दिवस असं आहे. सातवा महिना चालू आहे, कन्फर्मेशनचं पत्र आलेलं नाही. राजीनामा दिल्यावर एचआर म्हणतं, ६० दिवस थांबा.

उत्तर: सहा महिने उलटले म्हणून कुणी आपोआप कायम होत नाही. पत्रात ‘लेखी कळवल्यावरच कायम’ असं असेल, तर तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात आणि नोटीसही १५ दिवसांचीच. मात्र नियमांत प्रोबेशनची कमाल मुदत बांधलेली असेल आणि ती संपूनही नोकरीवर ठेवलं असेल, तर कर्मचारी कायम झाला असं धरलं जातं. पंजाबमधल्या सरकारी शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हेच सांगितलं. म्हणून आधी कन्फर्मेशनचं कलम शोधा.

मग त्या कलमाचा क्रमांक देऊन ईमेल करा: कन्फर्मेशनचं पत्र मिळालेलं नाही, १५ दिवसांची नोटीस देत आहे, शेवटचा दिवस अमुक. फोनवरच्या बोलण्यावर अजिबात विसंबू नका.

६० दिवस भरायला बळजबरी कुणी करू शकत नाही. न्यायालयसुद्धा कुणाला नोकरी करायला लावत नाही. वाद उरतो तो पैशांचा: नोटीसचे जेवढे दिवस कमी भरले, तेवढ्यांचा पगार कंपनी मागते. महिन्याचा ग्रॉस (एकूण पगार) ३०,००० आणि बेसिक (मूळ पगार) १५,००० असेल, तर नोटीसचे समजा १५ दिवस कमी पडल्यावर ग्रॉसप्रमाणे १५,००० रुपये होतात, बेसिकप्रमाणे ७,५००. पत्रात काय लिहिलंय ते बघा आणि हिशोब लेखी मागा.

प्रश्न: एका दुकानात १८ दिवस काम करून सोडलं. मालक म्हणतात, महिना भरला नाही, पगार नाही.

उत्तर: हे साफ बेकायदेशीर आहे. केलेल्या कामाचा पगार तुमचाच, मग प्रोबेशन असो वा नसो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावा लागतो. ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी’ ही कंपन्यांची सवय आहे. निदान पगाराच्या बाबतीत कायद्याला ती मान्य नाही. कपात करायचीच झाली, तरी एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही.

पैसे मिळाले नाहीत तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं. तुम्ही तिथे कामाला होता एवढं मात्र दिसायला हवं. हजेरीचा फोटो, ‘उद्या दहाला ये’ असा व्हॉट्सअॅप मेसेज, काहीही चालेल. आजच जपून ठेवा, दुकानाच्या ग्रुपमधून काढून टाकण्याआधी.

प्रश्न: कंपनीने एक लाखाचा बॉन्ड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायचा करार) लिहून घेतला आणि मूळ पदवी प्रमाणपत्र ठेवून घेतलं. आता सोडता येईल का?

उत्तर: नोकरी सोडता येईल. बॉन्ड म्हणजे कागदाचा तुकडा, असं मात्र समजू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडणाऱ्या अधिकाऱ्यावरची दोन लाखांची अट वैध ठरवली. पण तिथे बँकेला पुन्हा भरतीचा मोठा खर्च येतो, हे न्यायालयाने लक्षात घेतलं होतं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मिळते ती वाजवी भरपाई. करारातला आकडा ही फक्त वरची मर्यादा. चार दिवस पीपीटी दाखवून लाख रुपये मागत असतील, तर प्रशिक्षणाच्या खर्चाचा तपशील मागा.

प्रमाणपत्र ही तुमची मालमत्ता आहे. वसुलीसाठी ते अडवून ठेवू देऊ नका. ईमेलने परत मागा, न दिल्यास वकिलाची नोटीस पाठवा. पुढच्या नोकरीत मूळ कागद दाखवा, देऊ नका.

प्रश्न: तीनच महिने झाले. पीएफ बुडतो का?

उत्तर: नाही. कापला गेला असेल, तर तुमचा हिस्सा आणि कंपनीच्या हिश्शातली पीएफची रक्कम तुमच्या खात्यात राहते. नव्या कंपनीला तोच यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) द्या, दुसरा काढू नका. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, तेवढं तपासा.