गॅमा-५ चं एक वजा चिन्ह

साय ऐवजी 'गॅमा-५ गुणिले साय' लिहिलं की वस्तुमानाच्या पदाचं चिन्ह उलटतं म्हणतात. माझ्या वहीत उलटत नाही. कुठं चुकतंय? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

(इतरांसाठी: साय म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाचं क्षेत्र, गॅमा म्हणजे त्याच्यावर चालणाऱ्या मॅट्रिक्स. वस्तुमानाचं पद म्हणजे कणाच्या सूत्रातला वस्तुमान देणारा भाग, गतिज पद म्हणजे हालचालीचा.) बहुधा सायबारमध्ये. सायबार म्हणजे साय-डॅगर (सायचं संयुग्मी रूप) गुणिले गॅमा-०. बदल केल्यावर या दोघांच्या मधे गॅमा-५ येतो, आणि गॅमा-० ला ओलांडून उजवीकडे जाताना एक वजा देतो. म्हणजे नवा सायबार 'वजा सायबार गॅमा-५' झाला. हे वजा हमखास निसटतं. पुढं वस्तुमानाच्या पदात दोन गॅमा-५ शेजारी येतात, त्यांचा गुणाकार १, आणि वजा शिल्लक राहतं. गतिज पदात त्यांच्यामधे गॅमा-म्यू असतो. तो ओलांडताना दुसरं वजा मिळतं आणि दोन्ही कटतात. म्हणून ही सममिती पाळायची तर वस्तुमानाचं पद लिहिताच येत नाही.

मग इलेक्ट्रॉनला वस्तुमान आलं कुठून? – निवृत्त शिक्षक, कागल

वस्तुमानाच्या पदाला चपलेसारखा डावा-उजवा जोड लागतो (डावा-उजवा म्हणजे कणाची गिरकी कोणत्या हाताची). प्रमाण प्रतिमानात, म्हणजे मूलकणांच्या रूढ सिद्धांतात, डावा इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोबरोबर जोडीनं राहतो, उजवा एकटा. त्यामुळं दोघांना थेट जोडता येत नाही. मधे विश्वभर पसरलेलं हिग्ज क्षेत्र घ्यावं लागतं. त्याचं निर्वातातलं मूल्य २४६ जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक). त्याला २ च्या वर्गमुळानं भागा (हे विसरणारे पुष्कळ), म्हणजे १७४. गुणिले युकावा अंक (कण हिग्जशी किती घट्ट जोडलाय ते सांगणारा), की वस्तुमान आलं. इलेक्ट्रॉनसाठी, ०.०००५११ जीईव्हीसाठी, हा अंक सुमारे ०.०००००२९ येतो, टॉप क्वार्कसाठी जवळजवळ १. एवढी तफावत का? प्रतिमान गप्प आहे. हे अंक मोजून हातानं घातलेले आहेत.

डिस्क्रीट सममिती आपोआप मोडली तर गोल्डस्टोन कण का मिळत नाही? – वाचक, शाहूपुरी

(डिस्क्रीट म्हणजे सलग न बदलणारी, सुट्या पायऱ्यांची, वरच्या गॅमा-५ सारखी. 'खंडित सममिती' असं मी लिहीत नाही, ती आधीच मोडल्यासारखी वाटते.) गोल्डस्टोन कण म्हणजे सलग सममिती मोडल्यावर मिळणारा वस्तुमानहीन कण. त्याला ऊर्जेच्या आलेखात सलग, सपाट दरी लागते, फुकटात फिरण्यासाठी. इथं दोनच खड्डे, एक अधिक आणि एक वजा, मधे उंचवटा. भौतिकशास्त्रज्ञ ग्रॉस आणि नेव्हू यांनी १९७४ मध्ये एक अवकाश-मिती आणि एक काल-मिती असलेल्या प्रतिमानात हे दाखवलं: सुरुवातीला वस्तुमान शून्य, तरी परस्परक्रियेमुळं वर सांगितलेली सममिती मोडते आणि फर्मिऑन (इलेक्ट्रॉनच्या जातीचा कण) जड होतो.

हे विश्वात घडलं तर अडचण मोठी. एक भाग अधिकच्या खड्ड्यात, शेजारचा वजाच्या, आणि सीमेवर ऊर्जेची भिंत. विश्व प्रसरताना भिंतींची ऊर्जा पदार्थापेक्षा सावकाश विरळ होते, म्हणून शेवटी तीच वरचढ ठरते. उपाय म्हणून एक खड्डा किंचित खोल करतात. चालतं, पण मग सममिती अचूक उरत नाही.

ए-४ गटानं तीन पिढ्यांचं कोडं सुटतं का? – तोच वाचक

ए-४ म्हणजे चतुष्फलकाची १२ परिभ्रमणं. त्याला त्रिमितीय प्रतिरूप (तीन घटकांना एकत्र फिरवणारं रूप) आहे, म्हणून तीन पिढ्या (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ अशा एकाच साच्याच्या तीन आवृत्त्या) त्यात नेमक्या बसतात. त्यावरच्या साध्या प्रतिमानांनी न्यूट्रिनोंचा थीटा-१३ कोन (त्यांचे प्रकार एकमेकांत किती मिसळतात हे सांगणाऱ्या कोनांपैकी एक) शून्य सांगितला होता. २०१२ मध्ये चीनच्या दाया-बे प्रयोगानं तो सुमारे ९ अंश मोजला. त्यानंतर दुरुस्त्यांची ठिगळं लागली, आणि प्रत्येक ठिगळाबरोबर एक नवा अंक हातानं घालावा लागतो.